एका पामराचं पामरांना पत्र

श्री. डॅनियल डेव्हिड पामर यांस,


आधी आडनावाचं बोलून घेते. आमच्या मराठीत पामर म्हणजे क्षुद्र, अडाणी जीव. देवापुढे हात जोडले की माणूस स्वतःला पामर म्हणवून घेतो. डेव्हनपोर्टच्या पामर कॉलेजचं प्रवेशाचं पत्र कोल्हापूरला आमच्या घरी आलं तेव्हा आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, ते उलटसुलट करून म्हणाले होते, "पामर व्हायला अमेरिकेला कशाला जायाला पायजे? हितं काय कमी हाईत?" मी हसले, आणि गेले. आज शिकागोच्या एका उपनगरात माझा दवाखाना आहे. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' असं लिहिलेलं आहे. तो शब्द, तो धंदा, ती शाळा, सगळ्याचं मूळ तुमच्यापाशी. तुम्हाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, तेव्हा उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय. पत्र उघडं ठेवलंय, कारण यातलं निम्मं बोलणं तुमच्या आडून इतरांशी आहे.

निमित्त गेल्या दिवाळीचं. माहेरी होते. फराळ चालू असताना भाच्यानं मोबाइल पुढे केला. रीलमध्ये पांढरा कोट घातलेला एक तरुण, टेबलावर उताणा पडलेला एक घाबराघुबरा माणूस, त्याच्या हनुवटीखालून आणि डोक्यामागून घेतलेला पट्टा. मानेजवळ छोटा माइक चिकटवलेला. तरुणानं पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि हिसका दिला. काड्! तोच आवाज मग सावकाश करून आणखी दोनदा ऐकवला. खाली 'सर, पत्ता पाठवा' म्हणणाऱ्यांची रांग. भाच्यानं विचारलं, "मावशी, तू हेच करतेस ना?" हातातली चकली हातातच राहिली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही.

त्याला द्यायचं उत्तर शोधताना मला आधी आबा आठवतात, तुम्ही नंतर.

आबांनी उमेदीची वर्षं गंगावेशीकडच्या तालमीत काढली. कुस्ती सुटली, पण हात राहिला. खांदा उतरला, कोपर निखळलं, घोटा मुरगळला, कंबर धरली की माणसं आमच्या सोप्यात येऊन बसायची. आबा त्यांना पाटावर बसवायचे, तिळाचं तेल कोमट करून चोळायचे आणि चोळता चोळता विचारत राहायचे, ऊस कुठल्या कारखान्याला घातला, म्हैस किती दूध देते. समोरचा म्हशीचा हिशेब सांगण्यात गुंतला की मधेच कधीतरी सांधा बसून जायचा. मग आंबेहळद नि रक्तबोळाचा लेप, वर पट्टी. फी म्हणजे एक नारळ. तोही मारुतीपुढे फोडायचा आणि अर्धी वाटी पेशंटलाच प्रसाद म्हणून परत.

मी नऊ वर्षांची असताना उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एकाला चौघांनी उचलून आणलं. "आबा, पाठीत भरलंय, तेवढं मोडून द्या." आबा उकिडवे बसले. तेलाची वाटी मी आणून ठेवली होती, तिला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. त्या माणसाला म्हणाले, "पायाची बोटं हलीव." हलली नाहीत. आबांनी त्याच्या तळव्याला चिमटा काढला. त्याला कळलं नाही. एक शब्द न बोलता आबा उठले, गोठ्याच्या दाराची फळी बिजागरीतून उपसून काढली, आणि त्या फळीवर त्याला ओंडक्यासारखा एकसंध सरकवून दवाखान्याकडे धाडला. संध्याकाळी मला म्हणाले, "हात कुठं लावायचा ते दोन म्हैन्यात येतं. कुठं न्हाई लावायचा, त्याला जल्म जातो." आबांची शाळा चौथीपर्यंत झालेली होती.

याच घरात माझी धाकटी मावशी होती, आणि ती पायाळू. तुमच्या आयोवात हे नसावं, म्हणून सांगते. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस पायाळू. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आमच्याकडे समजूत. मावशीला शाळेतून बोलावून न्यायचे. ती रडकुंडीला येऊन कुणा थोराड बाप्याच्या कंबरेला पाय टेकवायची, आणि तो खरंच सरळ होऊन चालत जायचा. निदान त्यातले बरेच जण. पुढे फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षात मला कळलं की भरलेली उसण बहुतेकदा काही दिवसांत आपली आपणच निघते. माणूस पायाळूकडे जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचतं त्या दिवशी, म्हणजे उतार लागण्याच्या आदल्या दिवशी. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला आधी का नाही सांगितलंस? माझे गणिताचे किती तास बुडाले." 

आता तुमचा हार्वी लिलार्ड.

१८ सप्टेंबर १८९५. डेव्हनपोर्टची रायन बिल्डिंग. तुम्ही तोवर शाळामास्तरकी केली होती, मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा दुकान चालवलं होतं आणि गेली काही वर्षं अंगावरून हात फिरवून चुंबकीय उपचार करत होता. लिलार्ड त्या इमारतीची झाडलोट, देखभाल बघायचे. तुम्ही लिहून ठेवलंय की सतरा वर्षांपूर्वी वाकून जोर लावताना त्यांच्या पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासून ऐकू येईनासं झालं. तुम्ही पाठ चाचपली, एक मणका वर आलेला लागला, तो दाबून बसवला, आणि लिलार्डना रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू आला. लिलार्डच्या मुलीनं सांगितलेली हकिगत वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचे वडील तुमच्या खोलीबाहेर मित्राला विनोद सांगत उभे होते. तुम्हीही येऊन उभे राहिलात, आणि विनोद संपल्यावर हसत हसत हातातलं पुस्तक त्यांच्या पाठीत हाणलंत. दोनचार दिवसांनी ते म्हणाले, जरा बरं ऐकू येतंय.

यातलं खरं कुठलं, या वादात मला पडायचं नाही. माझी अडचण पुढची आहे. कानाची नस डोक्यातूनच मेंदूत जाते; पाठीच्या कण्यातून ती जातच नाही. लिलार्डना बरं वाटलं असेल. मावशीच्या पायानंही लोकांना बरं वाटायचं. पण आमच्या घरात मावशीच्या पायावरून कुणी शास्त्र उभारलं नाही. तुम्ही मात्र १९१० च्या तुमच्या जाडजूड ग्रंथात शंभरातले पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात असं लिहून मोकळे झालात, आणि उरलेले पाच इतर सांध्यांच्या खात्यावर टाकलेत. पामरसाहेब, पाच तरी डासांना, पाण्याला, गरिबीला सोडायचे होतेत. तुम्ही स्वतः १९१३ मध्ये लॉस एंजेलिसला गेलात ते टायफॉइडनं.

चिडून लिहीत नाही. तुमच्याकडून मला काय मिळालं तेही सांगायचं आहेच, पण ते मिळेपर्यंत बराच फेरा पडला.

फिजिओथेरपीची साडेचार वर्षं मी महाराष्ट्रातच केली. इंटर्नशिपला एका मोठ्या रुग्णालयात होते. सकाळपासून माणसांची रांग. कंबर? शेक लाव, वीस मिनिटांचा गजर लाव. मान? वजन लटकव, पुढचा. दुपारी दोनपर्यंत मी पन्नास-साठ कंबरांना यंत्र जोडलेलं असायचं आणि एकीलाही नीट हात लावलेला नसायचा. एक बाई मला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, दुखतंय ते हितं न्हाई, चार बोटं खाली. रोज चुकीच्या जागी शेकताय." आठ दिवस ती येत होती. मी घरी जाऊन आबांच्या पाटावर बसून रडले. त्याच आठवड्यात इंटरनेटवर तुमच्या शाळेचं माहितीपत्रक वाचलं. कायरोप्रॅक्टिक हा शब्द तुमचे पेशंट रेव्हरंड सॅम्युएल वीड यांनी दोन ग्रीक शब्द जोडून दिला आणि त्याचा अर्थ होतो हातानं केलेलं काम, एवढं एक वाक्य मला पुरलं.

डेव्हनपोर्टला मिसिसिपी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी ती अजस्र नदी तिथे जरा वेळ दिशा बदलते, आणि मी नवी नवी असताना माझीही दिशा रोज चुकायची. जानेवारीत ब्रेडी स्ट्रीटचा चढ चढताना पापण्यांवर बर्फ धरायचा. शिक्षण मात्र, खरं सांगते, कसून होतं. प्रेतं चिरून शरीररचना, एक्स-रे वाचन, मज्जासंस्था, रोगनिदान, दहा सत्रं आणि वर राष्ट्रीय मंडळाच्या चार भागांतल्या परीक्षा. १८९७ मध्ये तुम्ही उघडलेल्या शाळेशी याचं नावापुरतंच नातं उरलंय, असंही म्हणता येईल.

हाताचं शिक्षण निराळं. पहिल्या महिन्यात एका बाईंनी आम्हाला डोक्यावरचा एक केस उपटायला लावला. तो टेबलावर ठेवायचा, त्यावर फोनच्या जाड डिरेक्टरीचं एक पान, डोळे मिटायचे आणि बोटाच्या टोकानं केस शोधायचा. सापडला की दुसरं पान, मग तिसरं. मी पहिल्या दिवशी चौथ्या पानावर अडकले. जोरानं दाबलं की केस नाहीसाच होतो, हे कळायला आठवडा गेला. बोट हलकं ठेवून वाट बघितली तरच तो लागतो. नंतर हिसका शिकवला. तोही आधी लाकडी फळीवर, माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. खोली पाव इंच, वेळ क्षणाचाही अंश, आणि दिशा सांध्याच्या पातळीत. हे तुमचं देणं. हाडं बसवणारे तुमच्या आधीही होते, जगभर होते, आबा त्यांतलेच. पण मणक्याला मागे आणि बाजूंना जी टोकं असतात ती तरफेसारखी वापरून एकेका मणक्याला नेमका जोर द्यायचा, हे तुम्ही मांडलंत. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या पाठीवर अंगठा टेकवते तेव्हा मी तुमची ऋणी असते. दुपारी कुणी मधुमेहासाठी मणका बसवून मागतं तेव्हा नसते.

कॉलेजात त्या काळीही दोन तट होते. तुमच्या वचनांवर बोट न ठेवणारे ते स्ट्रेट, आणि मणक्याबरोबर व्यायाम, आहार, इतर उपचार मिसळणारे ते मिक्सर. मला पहिल्याच सत्रात एकानं विचारलं, तू स्ट्रेट की मिक्सर? कोल्हापूरच्या मुलीला मिसळ की सरळ असं विचारल्यावर ती काय सांगणार!

एक गोष्ट कुणी पहिल्या वर्षी सांगितली नाही, ती मी ग्रंथालयात वाचली. हार्वी लिलार्ड कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पाठीवर, शब्दशः पाठीवर, ही शाळा उभी राहिली. आणि पुढे तुमच्या मुलाच्या, बी. जें.च्या अमलात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याच शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. मी, एक सावळी परदेशी मुलगी, त्या वाचनालयात बसून तुमच्या अर्धपुतळ्याकडे बघत होते. लिलार्डच्या मुलीला तिच्या वडिलांच्या पाठीबद्दल शिकायचं असतं तर तिनं कुठे जायचं होतं?

तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते थोडक्यात सांगते. तुम्हाला उत्सुकता असेल. सुरुवात तुमच्या हयातीतूनच करते. परवाना नसताना उपचार केले म्हणून १९०६ मध्ये तुम्हाला डेव्हनपोर्टच्या तुरुंगात जावं लागलं. दंड भरण्यापेक्षा तुम्ही कोठडी पत्करलीत, आणि सुटल्यावर शाळा मुलाच्या हातात गेलेली. नंतर या विद्येला धर्म म्हणून जाहीर करावं का, म्हणजे कायद्याचा त्रास चुकेल, असाही विचार तुम्ही पत्रात करून पाहिलात. त्याची गरज पडली नाही. तुमचं निधन झालं त्याच १९१३ साली कॅन्ससनं परवान्याचा पहिला कायदा केला, आणि १९७४ मध्ये लुइझियानानं शेवटचा. मधल्या काळात शेकडो कायरोप्रॅक्टर तुरुंगात जाऊन आले. बी. जें.नी १९२२ मध्ये एक रेडिओ स्टेशन घेतलं, आणि १९३२ मध्ये तिथे खेळांचं वर्णन करायला एक पोरगा लागला, तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. रोनाल्ड रेगन. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला रीलइतकंच आवडलं.

मोठी लढाई कोर्टात झाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरशी संबंध ठेवायलाच मज्जाव केला होता. शिकागोच्या चेस्टर विल्क आणि आणखी चौघांनी १९७६ मध्ये दावा लावला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनविरुद्ध निकाल दिला. आमच्या व्यवसायात हा निकाल शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखा सांगतात. मी तो वाचला आहे. त्यात बहिष्काराला बेकायदा ठरवलंय. तुमचा सिद्धान्त खरा आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. सुटका म्हणजे राज्याभिषेक नव्हे.

सिद्धान्ताचं पुढे काय झालं? पंचाण्णव टक्क्यांना आता फारसं कुणी हुंगत नाही. पण कंबरदुखी हा जगात माणसाला कामातून उठवणारा सगळ्यात मोठा विकार आहे, आणि २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना ती होती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं नव्या कंबरदुखीसाठी गोळीआधी करायच्या गोष्टींत शेक, मालिश, अॅक्युपंक्चर यांच्याबरोबर मणक्यांना हातानं दिलेला जोरही धरला. पंगतीत जागा मिळाली, यजमानपद नाही. मला ते रास्त वाटतं.

पदवीनंतरची पहिली नोकरी. तो दवाखाना कुठला ते सांगत नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा, प्रत्येकाचा, कण्याचा एक्स-रे काढायचे. मग उजळ पडद्यावर झिजलेला मणका लाल गोलात दाखवायचा आणि चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ विकायचं. मला हप्त्याला किती पॅकेजं विकायची याचा आकडा दिला होता. एकोणतीस वर्षांचा एक सुतार आला, दोन दिवसांपूर्वी कंबर धरलेली, एरवी धडधाकट. पडद्यावरची मणक्यांमधली ती झिजलेली चकती पाहून त्याचा चेहरा उतरला. "मी आता उचलायचं काम सोडू का?" तोवर २०१५ चा एक मोठा आढावा माझ्या वाचनात आला होता. ज्यांना काहीही दुखत नाही अशांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या ३७ टक्क्यांत चकतीची झीज दिसते, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. म्हणजे केस पिकावेत तसं. सुतारापुढे मी पडदा बंद केला आणि म्हणाले, आठवडाभर फिरत राहा, जड उचलताना थोडं जपा, बरं नाही वाटलं तर या. त्या महिन्याचा माझा आकडा पुरा झाला नाही. पाच महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. बँकेचं कर्ज होतं, आबांना कळवलं नाही.

स्वतःच्या दवाखान्यात आता पहिली भेट तासाभराची असते. त्यातली पस्तीस-चाळीस मिनिटं मी फक्त विचारते. "काल सकाळी उठल्यापासून सांगा." उशी कुठली घेऊ, गादी कुठली, खुर्ची कुठली, हे लोकांना हवं असतं, कालचा दिवस सांगायला ते बिचकतात. आमच्याच मराठी मंडळातला एक संगणकवाला आला. बाराशे डॉलरची खुर्ची, आणि तिच्यावर सलग नऊ तास बैठक. जेवणही तिथेच. जगातली सगळ्यात भारी खुर्ची, पण त्यातून उठायचं कारणच उरलं नव्हतं. मी त्याला फोनचा चार्जर वरच्या मजल्यावर ठेवायला सांगितला, आणि फोनवर बोलायचं ते उभ्यानं. चहा करायचा तो कपभरच, थर्मास नाही. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला, कंबर बरी आहे पण घरात सारखा येरझाऱ्या घालतो.

निरोगी राहण्याबद्दल लोक मला व्याख्यान द्यायला बोलावतात तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. चाला, झोपा, थोडं जड उचला, मधूनमधून जमिनीवर बसा आणि हाताचा टेकू न घेता उठा. तंबाखू सोडा, चकत्यांनाही ती सोसत नाही. एवढ्यासाठी भाषण कशाला? पण प्रत्येकाच्या दिवसात हे कुठे बसेल ते शोधायला मात्र वेळ लागतो, आणि माझी फी त्या वेळाची आहे. नारळावर भागत नाही, पामरसाहेब.

साताऱ्याच्या एक आजी लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात कंबर धरली. त्यांचा साताऱ्यातला दिवस मी विचारून घेतला. उकिडवं बसून केर, अंगणात सडा, मंडई, मारुतीचं देऊळ, पायऱ्या, दुपारी जमिनीवर बसून धान्य निवडणं. आणि इथला? सोफा. बाहेर पडायचं तर गाडी हवी, आणि गाडी लेक आल्याशिवाय नाही. आजींचं दुखणं पाठीत नव्हतं, दुखणं व्हिसात होतं. मी पाट नाही तर उशी घेऊन खाली बसून पोळ्या लाटायला सांगितल्या आणि रोज दोन वेळा तळ्याला फेरी. आजी नाराज. "नातवाचं काडकाड मोडलंस, माझं का नाही? पैसे तेवढेच घेतलेस ना?" त्यांची हाडं पोकळ झाली होती, त्यांच्या पाठीवर हिसका देणं म्हणजे पापडाला धक्का देणं. हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग नुसता हात तरी फिरव." फिरवला. वीस मिनिटं.

त्या आवाजाबद्दल. आमच्याकडे कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढतात, आणि बोटं मोडून शिव्याशापही देतात. कडका तोच, हेतू उलटे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. पृष्ठभाग झटकन दूर झाले की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज होतो. २०१५ मध्ये कॅनडात चालत्या एमआरआयखाली बोट ओढून हे पाहिलं गेलं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत फरक नाही हे जाहीर केलं. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल गमतीचं इग नोबेल मिळालं. आवाजानं बरं वाटतं, हे खरं. माझे वडील दाढीनंतर न्हाव्याकडून मान मोडून घ्यायचे आणि डोळे मिटून हसायचे. मला आता ते आठवलं की पोटात गोळा येतो.

कारण एका फेब्रुवारीत घरापुढचा बर्फ उपसून आलेला एक गृहस्थ. मान धरली आहे, एकदा मोडून द्या, पुढे मीटिंग आहे. बोलताना मला त्याची डावी पापणी किंचित खाली वाटली. दिव्याकडे बघायला लावलं तर त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान. डोकं दुखतंय का? हो, असं कधी दुखलं नव्हतं. मी हात मागे घेतले. तो हुज्जत घालत होता, मी अॅम्ब्युलन्सचा नंबर फिरवत होते. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. मानेला हिसका दिल्यानं अशी फाट पडते, की फाट पडलेला माणूसच मान दुखते म्हणून आमच्याकडे येतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. माझ्या टेबलापाशी त्यानं फरक पडत नाही. त्याच्या मानेला मी बोट लावलं नाही आणि त्या दिवशी मला एक पैसाही मिळाला नाही. रात्री आबांना फोन करावासा वाटला, पण ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

भारतात कायरोप्रॅक्टरची स्वतंत्र परिषद नाही, सरकारी नोंदणी नाही. त्या रीलमधल्या तरुणाला पापणी बघायला कुणी शिकवलंय का, हे विचारायची सोयच नाही. तुम्हाला तुरुंगात टाकणारा कायदा तेव्हा तुम्हाला जुलमी वाटला असेल. मला आता वाटतं की त्यानंच आम्हाला प्रेतं चिरायला लावली, परीक्षा द्यायला लावल्या, आणि हात मागे घ्यायला शिकवलं. आबांना ते कायद्याशिवाय आलं, पण सगळेच आबा नसतात, आणि तुमचा हात लिलार्डच्या पाठीवर पडला तेव्हा तुम्हाला तरी ते आलेलं होतं का, मला शंका आहे.

भाच्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही. फराळाची ताटं उचलल्यावर माझ्या डोक्याचा एक केस उपटला, सोप्यातल्या आबांच्या पाटावर ठेवला, आणि वर दिवाळी अंकाचं एक पान टाकलं. "डोळे मीट आणि शोध." एका पानाखाली त्याला लगेच लागला. दुसऱ्याखाली वेळ लागला. तिसऱ्याला त्यानं बोट असं दाबलं की केस गेलाच. "हलकं," म्हटलं. त्यानं श्वास धरला. बाहेर फटाके वाजत होते, मोबाइल कोनाड्यात पडून उजळत विझत होता. अकराच्या सुमाराला पाचव्या पानावर तो हरला, आणि अंक मिटू दिला नाही. म्हणाला, केस तिथंच राहू दे, सकाळी परत बघतो.

आपली,
एक कायरोप्रॅक्टर
(मूळ कोल्हापूर, हल्ली मुक्काम शिकागो)